मार्कंडेयाची मिठी नाचात बसवताना

सोलापुरात मार्कंडेयाची गोष्ट कुणाला नव्याने सांगावी लागत नाही. नारळी पौर्णिमेला पद्मशाली या विणकर समाजाचा रथ निघतो. सोळाच वर्षांचं आयुष्य घेऊन आलेल्या मुलाने यम समोर दिसताच पिंडीला मिठी मारली, हे पोराटोरांनाही ठाऊक असतं. म्हणून समकालीन नृत्यात ही कथा घेतलीत, तर गोष्ट सांगण्यात वेळ घालवू नका. शंकर प्रकट होऊन यमाला शासन करतो, ते शिल्प वेरूळच्या १५व्या लेण्यात आहेच. नाच बसवणारे बहुतेक जण थेट त्या क्षणाकडे धावतात आणि उड्या-गिरक्यांत मूळ गोष्ट हरवते. मुलगा हात सोडत नाही, सगळं बळ त्यात आहे.

पिंडी म्हणून लाकडी वस्तू नको, नर्तकच हवा. पाय खांद्यांपेक्षा रुंद, गुडघे वाकलेले, वजन खाली. मुलाने त्याच्या कमरेला विळखा घालून स्वतःचंच मनगट पकडायचं. बोटांत बोटं अडकवली तर ओढ वाढताच ती सुटतात. कोपरं किंचित वाकलेली ठेवा, नाहीतर सगळा भार खांद्याच्या सांध्यावर येतो.

यमाच्या पाशासाठी दोर घेऊ नका, कातडी सोलवटते. पाच-सहा मीटर सुती कापड चार बोटं रुंद घडी करून मुलाच्या काखेखालून बरगड्यांवर घ्या. गळ्यात कधीच नाही! गाठही मारायची नाही. दोन्ही टोकं यमाच्या मुठीत. त्याने हातांनी न ओढता कंबर खाली नेऊन मागे झुकायचं आणि ओढ आठ मात्रांत हळूहळू वाढवायची. झटका दिला की दुखापत ठरलेली. पुढच्या बत्तीस मात्रा कुणीही जागचं हलू नये. थरथर मुद्दाम आणू नका, ओढ खरी असेल तर ती आपोआप येते. यमाने एक टोक सोडलं की तो मागे पडणार, म्हणून हनुवटी छातीशी, पाठ गोल आणि आधी नितंब टेकवून लोळण, हे आधी वेगळं घोटून घ्या.

मार्कंडेयाचा मुलगा भावनाऋषी याने कमळाच्या तंतूंपासून देवांसाठी वस्त्र विणलं, अशी श्रद्धा आहे. त्यामुळे माग आणायला जागा आहे. सहा जण ताणा म्हणजे मागावरचे उभे धागे, एक धोटा म्हणजे आडवा धागा नेणारा. पहिल्या मात्रेला एकाआड एक उठतात, बाकीचे उकिडवे. दुसऱ्या मात्रेला धोटा वाकून आरपार. तिसरीला सगळ्यांचा ठोका. धोट्याने अर्धी मात्रा आधी निघायला हवं, नाहीतर बसणाऱ्याच्या खांद्यावर आदळतो. यंत्रमागाचा नुसता ध्वनिमुद्रित आवाज लावला, तर पहिली मात्रा सापडत नाही. तिथे लाकडावर एक कोरडा ठोका द्या.

शहाबादी फरशीवर तालीम असेल तर गुडघ्यांना पॅड हवेतच, आणि मोजे घालू नका. एप्रिल-मेमध्ये सकाळीच उरका. घामाने ओली झालेली जागा कोरड्या फडक्याने पुसा. पावडर टाकली की फरशी आणखी निसरडी होते.