पक्ष्याला ड्रोन पकडायला शिकवताना... माझा अनुभव

शिकारी पक्ष्याला ड्रोन पकडायला शिकवायचं होतं आणि माझ्याकडे काम होतं ड्रोन उडवायचं. मला वाटलेलं पहिल्याच दिवशी हवेत झडपा बिडपा बघायला मिळतील, पण कसलं काय, सुरुवातीला ड्रोन जमिनीवरच, प्रोपेलर काढलेला, बंद, आणि त्याच्यावर मांसाचा तुकडा. हॅरिस हॉक जातीच्या शिकारी पक्ष्याची मादी होती. तिला हुकूम बिकूम काही कळत नाही, ड्रोनवर गेलं की खायला मिळतं एवढंच तिला पटवायचं असतं.

रोज सकाळी आधी तिचं वजन, तेही ग्रॅममध्ये. पोट भरलेलं असेल तर ती जागची हलत नाही आणि जास्त उपाशी ठेवली तर तिच्या जिवावर बेततं, त्यामुळे वजन बरोबर नसलं की माझ्या बॅटऱ्या चार्ज असूनही त्या दिवशी उडवणं बंद.

खरं अडलं ते मोटरच्या आवाजाला. प्रोपेलर नव्हतेच, नुसती मोटर चालू केली तरी ती पंख फडफडवून उलटी जायची, मग परत पहिल्यापासून, बंद ड्रोन, मांस, लांबून आवाज, थोडा जवळून आवाज... मला घाई झालेली पण ट्रेनर ढिम्म, आणि त्यांचंच बरोबर होतं.

उडवायला लागलो तेव्हा आमिष ड्रोनखाली लांब दोरीला. तिने झडप घातली की क्लिप सुटते, आमिषाची छोटी पॅराशूट उघडते आणि ती फिरत्या पात्यांपासून लांब, सावकाश खाली येते. पहिल्यांदा तिने धरलं तेव्हा माझे हात थरथरत होते, ड्रोन एका जागी कसा ठेवला मलाच माहीत!

थेट उडत्या ड्रोनवर मात्र आम्ही तिला सोडलं नाही. फ्रान्सच्या हवाई दलाने सोनेरी गरुड पिल्लं असल्यापासून ड्रोनवरच खायला घालून वाढवले, त्यांच्या पंजांसाठी चामडं आणि केव्हलारचं (बुलेटप्रूफ जॅकेटमधलं मजबूत कापड) संरक्षणही केलं. नेदरलँड्सच्या पोलिसांनीही ड्रोन पकडायला 2016 मध्ये गरुड घेतले आणि 2017 च्या शेवटी बंद केलं, खर्च जास्त आणि पक्षी दरवेळी शिकवल्यासारखं वागेलच असं नाही म्हणून. मला ते पटतं. मोठा ड्रोन असेल, कार्बन फायबरची पाती असतील तर पक्षी सोडा असं मी तरी कधीच म्हणणार नाही. आमच्याकडे पातं लागायचा प्रश्नच नव्हता, तरी रोज उडवून झालं की मी तिची बोटं आणि नखं एकेक करून तपासायचे.