वाळवणाच्या ओट्यावरची घरपट्टी

चतुर्थ वार्षिक, म्हणजे दर चार वर्षांनी होणाऱ्या कर आकारणीच्या नोटिसा गेल्या की नगरपरिषदेत हरकतींचा ढीग पडतो. मी मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावी कर निरीक्षक आहे. यंदा फेब्रुवारीतल्या सुनावणीत एका डाळमिलवाल्याची फाईल आली. घरपट्टी एकदम तिप्पट.

"साहेब, तुमच्या लोकांनी गोदाम लावलंय. हा वाळवणाचा ओटा हाय. वर नुसतं आभाळ!"

दुपारी जागेवर गेलो. तुरीचा हंगाम जोरात होता. साल सुटावी म्हणून तेल-पाणी लावलेली तूर ओट्यावर पसरलेली आणि दोन बाया उन्हात पाय ओढत तिच्यात सरी पाडत होत्या, खालची तूर वर यावी म्हणून. टेप लावला. पाहणी करणाऱ्या एजन्सीनं अख्खा ओटा पत्र्याच्या शेडमध्ये धरलेला. मोजमाप दुरुस्त झालं, करयोग्य मूल्य, म्हणजे जागेच्या अंदाजित भाड्यावरून काढलेली कराची मूळ रक्कम, खाली आलं. तरीही कर दुपटीच्या आसपास राहिलाच. भाड्याचे दरच वाढवलेले, आणि ते माझ्या हातात नाहीत.

मिलवाल्यांनी गल्ल्यातून सॉर्टेक्स मशीनचं, म्हणजे डाळीतले खराब दाणे वेगळे काढणाऱ्या यंत्राचं, कोटेशन काढून दाखवलं. "घ्यायचं ठरलं होतं. आता हद्दीबाहेर जागा बघावी म्हणतो."

हे मला फार लागलं. १९९९ मध्ये नगरपालिकांची जकात गेली, तेव्हापासून मालमत्ता कर हाच आमचा मोठा हक्काचा पैसा. दिवाबत्ती, नाल्या, पाण्याची लाईन त्यावरच चालते. त्यामुळे कर वाढवूच नका, असं मी कधीच म्हणणार नाही. पण चार वर्षांची वाढ एकाच बिलात कशाला? मिलवाल्याची तूर महाग झाली, डाळ पडून राहिली, तरी घरपट्टी तेवढीच भरावी लागते. ती नफा बघून येत नाही. मुंबईत ५०० चौरस फुटांपर्यंतच्या घरांना २०२२ पासून माफी मिळाली, चांगलं झालं. आमच्याकडच्या छोट्या कारखान्याला माफी नको, दम खायला वेळ हवा. मिल हद्दीबाहेर गेली तर हमालांचा रोजगार लांब जातो आणि आमचा करही जातो, कायमचा.

अहवालाच्या शेऱ्यात मी स्पष्ट लिहिलं: व्यावसायिक मालमत्तांच्या वार्षिक वाढीला मर्यादा ठरवावी, वाढ चार वर्षांत टप्प्याटप्प्यानं लावावी. मुख्याधिकाऱ्यांनी विषय सभेपुढे ठेवायचं कबूल केलंय. मिलवाल्यांना फोन करून सांगितलं, बाजारपेठेतल्या चार जणांच्या सह्यांचं निवेदन सभेआधी आणून द्या, आवक-जावकला नोंद करून घ्या.