तेंदूपत्ता नको म्हणणारं गाव

पुण्या-मुंबईकडच्या मित्रांशी जंगलाचा विषय निघाला की एक प्रश्न हमखास येतो, "अरे पण जंगल गावाच्या ताब्यात दिलं तर लोक तोडून विकून टाकतील ना?" मी चंद्रपूरकडचा असल्यामुळे उत्तर मीच द्यायचं असतं. मी त्यांना पाचगावचं सांगतो.

पाचगाव म्हणजे आमच्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या गोंडपिपरी तालुक्यातलं छोटंसं गाव. वनहक्क कायदा २००६ चा, पण पाचगावच्या हातात सामूहिक वनहक्काचा कागद पडायला २०१२ साल उजाडलं. जंगल साधारण हजार हेक्टर, त्यात बांबूही आहे आणि तेंदूही, ज्याच्या पानात बिडी वळतात. आता आमच्याकडे कोणालाही विचारा, उन्हाळ्यात खेड्यात रोकड येते ती तेंदूपत्त्याची, धानाचं बियाणं, खत, पोरांची वह्या-पुस्तकं सगळं त्यावर निघतं. आणि या गावानं ग्रामसभेत बसून ठरवलं काय, तर बांबू विकू पण तेंदू तोडायचा नाही. स्वतःच्या जंगलातला, हक्काचा, विकत घ्यायला लोक तयार असलेला माल.

का, ते कळायला तेंदूचा सीझन जवळून बघावा लागतो. पान कोवळं, मोठं, बिनडागाचं हवं म्हणून आधी झुडपं छाटतात, त्याला खूट कटाई म्हणतात. पण छाटायला मजूर लागतो, मजुरी लागते, त्यापेक्षा काडी लावली की फुकटात काम होतं, आगीनंतर फुटवा जोरात येतो. आमच्याकडे मार्च-एप्रिलमध्ये रात्री डोंगरावर ज्या आगीच्या माळा दिसतात त्यातल्या सगळ्या काही उन्हानं लागत नाहीत बाप्पा. (मोहफूल वेचायला झाडाखालचा पाला जाळतात, तीही आग पसरते, तो वेगळा विषय.) त्या आगीत बाकी झाडांची सगळी रोपं जातात. शिवाय मोठ्या झाडाची पानं हाताला येत नाहीत म्हणून फांदीच खाली पाडायची, मग टेंभरं, म्हणजे तेंदूची फळं, कुठून लागणार आणि पाखरं, अस्वलं खाणार काय. पाचगावच्या लोकांनी हाच हिशोब मांडला.

आणि कष्ट बघा. बाया अंधारातच निघतात, वाघाची भीती असते तरी निघतात, कारण ऊन चढायच्या आत परत यायचं असतं, आणि दरवर्षी या सीझनमध्ये चंद्रपूर-गडचिरोलीत कोणीतरी वाघाच्या हल्ल्यात जातंच. दुपारी अख्खं घर ओसरीवर बसून पुडके बांधतं, एका पुडक्यात ७० पानं, म्हातारी आजी न मोजताही बरोबर ७० उचलते. संध्याकाळी ते डोक्यावर घेऊन फळीवर, म्हणजे पानं गोळा करायच्या जागेवर, न्यायचे, तिथे ठेकेदाराचा मुंशी मोजून घेतो, शेकड्यामागे दोन-चार पुडके वरचे घेतो ते वेगळंच, मग ते उन्हात रांगेनं मांडून वाळवायचे. एवढं करून भाव कोण ठरवणार तर तिसराच.

बांबूचं मात्र तसं नाही. तो नीट तोडला तर रांजी, म्हणजे बांबूचं बेट, उलट सुधारते, पण त्या "नीट"मध्येच सगळं आलं. पावसाळ्यात नवीन कोंब येतात, आम्ही त्यांना वास्ते म्हणतो, भाजी लय भारी होते. त्या दिवसांत रांजीला हात लावायचा नाही. तोडायचा तो तीन वर्षांच्या पुढचा, आणि तो असतो रांजीच्या मधे, काट्याकुट्यात, गिचमिडीत. बाहेरचे असतात ते कोवळे. बुडाशी जमिनीलगतच्या पेराच्या वर, तिरपा न चिरता स्वच्छ घाव घालायचा, उंच खुंट ठेवायचा नाही. आता कंपनीच्या ठेक्यातला मजूर नगावर पैसे घेणार, तो मधे घुसून हात कशाला फाडून घेईल? तो बाहेरचे कोवळे तोडतो, कमरेएवढ्या उंचीवर तोडतो आणि पुढच्या रांजीकडे जातो. वर्षानुवर्षं तसंच झालं, जंगल पेपर मिलला लीजवर आणि गावातल्या बुरडाला टोपलीपुरत्या बांबूसाठी गार्डच्या विनवण्या. ज्याला पुढच्या वर्षी त्याच रांजीकडे परत यायचंय तोच मधे घुसतो, बाकी मॅनेजमेंट प्लॅन बिन सगळं त्याच्या नंतर.

मेंढा (लेखा) चं नाव तुम्ही ऐकलं असेलच, "दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार"वालं. गडचिरोलीच्या धानोरा तालुक्यातलं हे गोंडांचं गाव, निर्णय सगळे एकमतानं, एक जण जरी नाही म्हणाला तरी विषय पुढच्या बैठकीत. त्यांना २००९ मध्येच सुमारे १८०० हेक्टरवर हक्क मिळाला, देशात अगदी पहिल्यांपैकी. पण बांबू विकायला काढला तर वनखात्याचा वाहतूक पास मिळेना, का तर १९२७ च्या भारतीय वन कायद्यात तेव्हा बांबू म्हणजे झाड, म्हणजे लाकूड, आणि वनहक्क कायद्यात तोच बांबू गौण वनोपज, म्हणजे गावानं घ्यायचा-विकायचा माल! हक्क आहे पण गाडी गावाबाहेर नेता येत नाही असली गंमत. शेवटी एप्रिल २०११ मध्ये तेव्हाचे केंद्रीय मंत्री जयराम रमेश स्वतः गावात आले आणि पासचं बुक ग्रामसभेच्या हातात दिलं. एका पावती पुस्तकासाठी दिल्लीहून मंत्री यावा लागला, यातच काय ते समजा.

आता यावर कोणी म्हणेल मग सगळ्याच गावांनी तेंदू बंद करावा. नाही जमणार. पाचगावकडे बांबू होता म्हणून त्यांना नाही म्हणणं परवडलं. ज्या गावाच्या जंगलात बांबूच नाही, शेती एका पावसावर, त्यांना कुठल्या तोंडानं सांगायचं? त्यांच्यासाठी मधला रस्ता मला जास्त पटतो. पेसा (आदिवासी भागातल्या ग्रामसभांना अधिकार देणारा कायदा) आणि वनहक्कामुळे गडचिरोलीत कितीतरी ग्रामसभा तेंदूचा लिलाव स्वतः करतात, तर करारातच लिहून टाकायचं की आग लावायची नाही, फांदी तोडायची नाही, जंगल जळलं तर पैसे कापणार. लिलाव आपला असेल तर अट पण आपली टाकता येते.

फक्त हे करताना ग्रामसभेला पॅन कार्ड लागतं, खातं लागतं, टेंडरची जाहिरात, करारनामा, टीडीएस, ऑडिट, आणि हे सगळं करणार कोण तर गावातला बारावी झालेला एखादा पोरगा, ज्याला मोबाईलच्या रेंजसाठी टेकडीवर जावं लागतं. माझ्या ओळखीच्या एका गावात ठेकेदारानं शेवटचा हप्ता दिलाच नाही, माल गोडाऊनमध्ये, गाव तहसीलच्या चकरा मारतंय. एकट्या गावाला ठेकेदार जुमानत नाही हे खरंच आहे, म्हणून कोरची तालुक्यातल्या गावांनी मिळून महाग्रामसभा उभी केली ते मला फार महत्त्वाचं वाटतं. तिथे प्रत्येक गावातून पुरुषांबरोबर बायाही प्रतिनिधी म्हणून बसतात, आणि पहाटे जंगलात जाणारी बाईच भावाच्या बोलणीत समोर बसली की ठेकेदाराला शेकड्यामागचे ते वरचे पुडके मागायला जरा जड जातं.