मेनू ठरला तो काउंटरवर

सांगलीत दोन खोल्यांच्या जागेत आम्ही संकेतस्थळे बनवू लागलो, तेव्हा कामाची सुरुवात मुखपृष्ठाच्या चित्रापासून होत असे. रंग पसंत पडले की निम्मे पैसे हाती येत. आत कोणती पाने असावीत आणि कशाखाली काय यावे, हे मजकूर मिळेल तसे ठरे. मजकूर अर्थातच सर्वांत शेवटी मिळे.

शेतीअवजारांच्या एका जुन्या दुकानाचे काम करताना ही पद्धत अंगाशी आली. मालकांच्या सांगण्यावरून आम्ही मेनूत कंपनीनुसार विभाग केले, कारण त्यांचे गोदामही तसेच लावलेले होते. संकेतस्थळ देखणे झाले. पण दुकानातला फोन पूर्वीइतकाच वाजत राहिला आणि पलीकडून विचारणा होई, '35 एचपीला कोणता रोटाव्हेटर चालेल?' म्हणजे तेवढ्या ताकदीच्या ट्रॅक्टरला माती भुसभुशीत करणारे हे अवजार कोणते जोडता येईल. उत्तर संकेतस्थळावर होते, मात्र चौथ्या क्लिकनंतर उघडणाऱ्या एका पीडीएफमध्ये.

दुरुस्तीसाठी गेलो तेव्हा लॅपटॉप नेला नाही. जुन्या लग्नपत्रिकांच्या कोऱ्या बाजूंवर एकेका वस्तूचे नाव लिहून तो गठ्ठा काउंटर सांभाळणाऱ्या मामांपुढे ठेवला आणि त्यांच्या मनाने ढीग लावायला सांगितले. कंपनीचा विचार त्यांनी केलाच नाही. काही पत्रिका ट्रॅक्टरच्या ताकदीप्रमाणे लागल्या, काही नांगरट, पेरणी, फवारणी अशा कामाप्रमाणे. रोटाव्हेटरची पाती आणि बेअरिंग मात्र त्यांनी थेट गल्ल्याजवळ सरकवली. 'याचं गिऱ्हाईक काम थांबवून आलेलं असतं,' ते म्हणाले. आमच्या मेनूत सुटे भाग तळाशी होते.

त्या ढिगांवरूनच संकेतस्थळाचा नवा नकाशा काढला, प्रत्येक पानाची साधी चौकट पेन्सिलीने आखली आणि मालकांची सही होईपर्यंत रंगांचा विषय काढला नाही. पानांचे पत्ते बदलल्यामुळे जुन्या पत्त्यांची यादी करून प्रत्येकावर 301 ची कायमची वळवणी लावली, म्हणजे जुना पत्ता उघडणारा आपोआप नव्या पानावर जाईल; अन्यथा गूगलवरून येणाऱ्यांना 404 चेच, म्हणजे 'पान सापडले नाही' असे सांगणारे पान दिसले असते.

आता आमच्या दरपत्रकात रचनेच्या आखणीची रक्कम वेगळी असते. 'चौकटींचे कसले पैसे?' हा प्रश्न अजून येतो, आणि तो रास्तही आहे, कारण त्या टप्प्यावर दाखवायला आमच्याकडे कागदाखेरीज काही नसते. अशा वेळी मी मामांनी ताकदीच्या आणि कामाच्या अशा दोन ढिगांच्या मधोमध ठेवलेली रोटाव्हेटरची पत्रिका दाखवतो. त्या वस्तूचे पान आम्ही एकच ठेवले, पत्ताही एकच, आणि तिथे पोहोचण्याच्या वाटा दोन केल्या.