मॉडेमचं बिऱ्हाड हलवलं

नवा फायबर मॉडेम आला तेव्हा त्याची वायर जेमतेम टेबलापर्यंत पोचत होती. म्हणून मी तो कॉम्प्युटरच्या कॅबिनेटवर ठेवला. वर सपाट जागा, त्यात जाळी. म्हटलं, बरंच झालं, खालून वारा लागेल. पुढच्या तीन आठवड्यांचा मनस्ताप तिथेच सुरू झाला.

आधी जोडणीचा घोळ सांगते. आतल्या खोलीत रेंज मिळावी म्हणून जुना राउटरही वापरायचा होता. नव्या मॉडेमच्या लॅन पोर्टातून (घरातल्या जोडण्यांचं भोक) वायर काढून जुन्याच्या वॅन पोर्टात (बाहेरचं नेट आत घेणारं भोक) खुपसली, तर नेट गायब. दोघांचाही नेटवर्कमधला पत्ता 192.168.1.1! डेटाचं कुठलं पाकीट घरातलं आणि कुठलं बाहेरचं, हेच बिचाऱ्या राउटरला कळेना. उपाय साधा होता: जुन्याचा पत्ता 192.168.1.2 करायचा, त्यातलं डीएचसीपी (जोडलेल्या उपकरणांना आपोआप पत्ते वाटणारी सोय) बंद करायचं आणि वायर वॅनऐवजी लॅन पोर्टात घालायची. मग पत्ते वाटायचं काम एकटा मॉडेम करतो, जुना नुसता वायफाय पसरवतो. मी मात्र उत्साहात डीएचसीपी आधी बंद केलं, कॉम्प्युटरची वायर काढून परत लावली, आणि आता कॉम्प्युटरला पत्ताच मिळेना, त्यामुळे सेटिंगचं पानही उघडेना. शेवटी टाचणीने रीसेटचं बटण दाबून पहिल्यापासून सुरुवात केली. आधी पत्ता बदला, डीएचसीपी शेवटी. वायफायचं चॅनल 1, 6 किंवा 11 यांपैकी जे मोकळं दिसेल ते, त्यात फार डोकं घालायची गरज पडली नाही.

दोन दिवस सगळं सुरळीत. मग रोज दुपारी काम रंगात आलं की नेट जायचं. मी कंपनीला फोन करायचे, पलीकडून उत्तर ठरलेलं: ‘आमच्याकडून लाइन ठीक दिसतेय.’ मला तो शुद्ध बहाणा वाटायचा. चारपाच वेळा भांडलेसुद्धा.

एका दुपारी नेट गेलं तेव्हा योगायोगाने माझी नजर मॉडेमवरच होती. लाइन तुटली की एलओएसचा दिवा लाल होतो. इथे तसं काहीच झालं नाही. सगळे दिवे एकदम विझले, मग पॉवरचा लागला, पॉनचा, म्हणजे फायबरच्या जोडणीचा, थोडा वेळ लुकलुकून स्थिर झाला. म्हणजे लाइन तुटत नव्हती, मॉडेमच बंद पडून पुन्हा सुरू होत होता. त्याच्या स्टेटसच्या पानावर अपटाइम, म्हणजे तो सलग किती वेळ सुरू आहे ते, बघितला: 3 मिनिटं. हात लावला तर इस्त्रीसारखा तापलेला. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी. माझा बंब रोज कंपनीच्या दारात उभा होता.

आणि आग नुसती मॉडेमची नव्हती. कॉम्प्युटरचा पंखा कित्येक दिवस घोंघावत होता, मला त्याची सवय झाली होती. तापमान दाखवणारं सॉफ्टवेअर टाकून व्हिडिओ एक्स्पोर्टला लावला. प्रोसेसर 98 अंशांवर, आणि वेग 3.6 गिगाहर्ट्झवरून 1.4 वर. जळू नये म्हणून तो स्वतःच चाल मंदावतो. मी ज्याला ‘नेट स्लो’ म्हणत होते, त्यातलं अर्धं हेच होतं. कॅबिनेटमधली गरम हवा वरच्या जाळीतून बाहेर पडायची, तिच्यावर मॉडेम बसलेला. त्याने हिची वाट अडवली, हिने त्याला भाजलं.

मॉडेम उचलला तरी तापमान 91 च्या खाली येईना. मग प्लग काढला, उरलीसुरली वीज जावी म्हणून पॉवरचं बटण काही सेकंद दाबून धरलं आणि कॅबिनेट उघडलं. पंखा वरून स्वच्छ दिसत होता. तो काढल्यावर खाली, हीटसिंकच्या (प्रोसेसरची उष्णता ओढून घेणारा धातूचा ठोकळा) पट्ट्यांवर, धुळीचा चांगला जाड थर निघाला, अगदी नमद्यासारखा. चिमटीत धरून सोलून काढला. बाकीची धूळ ब्लोअरने उडवली, पंख्याचं पातं बोटाने धरून. नाहीतर वाऱ्याने ते भन्नाट फिरतं आणि बेअरिंगची वाट लागते. प्रोसेसरची उष्णता हीटसिंकपर्यंत पोचवणारी पेस्ट वाळून खडू झाली होती. ती आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून वाटाण्याएवढा नवा थेंब टाकला.

मोठ्या ऐटीत कॉम्प्युटर सुरू केला, तर काहीही न करता 88! पोटात गोळाच आला. पुन्हा उघडलं. हीटसिंकच्या चार खुंट्यांपैकी एक नीट बसलीच नव्हती, त्यामुळे एक कोपरा केसभर उचललेला होता. पेस्ट पुन्हा पुसली, पुन्हा लावली, आणि खुंट्या समोरासमोरच्या कोपऱ्यांच्या जोडीने, टक् असा आवाज येईपर्यंत दाबल्या. निवांत असताना 40, एक्स्पोर्टला 71.

मॉडेम आता भिंतीवर दोन स्क्रूंवर टांगलाय. त्यासाठी लांब फायबर मागवावी लागली. उरलेल्या वायरची ताटाएवढी सैल गुंडाळी करून ठेवलीय, कारण ही वायर कोपऱ्यात दुमडली की आतला प्रकाश गळतो. आज अपटाइम 19 दिवस दाखवतोय. कंपनीला अजून फोन केलेला नाही, काय तोंडाने करणार?