आमची वाटचाल : दुचाकीच्या सुट्या भागांकडून टायटॅनियमकडे

वाळूज एमआयडीसीतल्या बहुतेक छोट्या गाळ्यांसारखा आमचा गाळाही दुचाकीच्या सुट्या भागांवर उभा राहिला. 1985 साली बजाज ऑटोचा कारखाना इथे आला आणि त्याच्या भोवती जॉबवर्क करणाऱ्यांची एक पिढी घडली. आमचे हात त्यांच्याच हाताखाली तयार झाले. तिथे एकच जॉब हजारोंनी काढायचा आणि सायकल टाइम, म्हणजे एक नग काढायला लागणारा वेळ, सेकंदा-सेकंदाने खाली आणायचा.

टायटॅनियम आलं ते पेंटबॉलमुळे, ओळखीतल्या एका खेळाडू मुलाच्या हातून. हा खेळ 1981 मध्ये अमेरिकेतल्या न्यू हॅम्पशायरच्या जंगलात पहिल्यांदा खेळला गेला, तोही झाडांवर आणि गुरांवर रंगाने खूण करायला बनवलेल्या पिस्तुलांनी. आजचा मार्कर, म्हणजे या खेळातली बंदूक, साधारण 17 मिमीचा रंगभरला गोळा हवेच्या दाबाने फेकतो. जुने मेकॅनिकल मार्कर जपणारे हौशी लोक परदेशात आहेत. त्यांना ट्रिगर, कॉकिंग रॉड (मार्कर सज्ज करायला मागे ओढायची दांडी), बोल्ट (गोळा नळीत ढकलणारा सरकता भाग) आपल्या पसंतीचे हवे असतात, आणि नग एक किंवा दोन.

आम्ही वापरतो तो ग्रेड 5, म्हणजे 6 टक्के अॅल्युमिनियम आणि 4 टक्के व्हॅनेडियम असलेला मिश्रधातू. त्याची खरी अडचण उष्णतेची आहे. अॅल्युमिनियमच्या मानाने तो सुमारे 25 पट कमी उष्णता वाहून नेतो, त्यामुळे चिपबरोबर, म्हणजे कापून निघणाऱ्या किसाबरोबर, बाहेर पडायला हवी ती उष्णता टूलच्या धारेवरच साठते. कार्बाइड टूलने अॅल्युमिनियम मिनिटाला 300 मीटरच्या वर सहज कापलं जातं. इथे आम्ही 50-60 वर थांबतो. पण वेग कमी केला म्हणून फीडही (टूल पुढे सरकवण्याची गती) कमी केली तर टूल कापण्याऐवजी घासतं, पृष्ठभाग कडक होतो आणि पुढचा कट आणखी अवघड जातो. सायकल टाइमवर वाढलेल्या मशीन लावणाऱ्या आमच्या सेटरांना हे अंगवळणी पडायला वेळ लागला.

कॉकिंग रॉडने सर्वात जास्त शिकवलं. टायटॅनियमची ताठरता पोलादाच्या जवळपास निम्मी. लांब, बारीक रॉड टूलखाली मागे सरकतो आणि टूल पुढे गेलं की परत येतो, म्हणून मधला भाग जाड राहतो. आता आम्ही बार कोलेटमधून (बार धरणाऱ्या पकडीतून) थोडा थोडा बाहेर घेतो आणि तेवढा तुकडा पूर्ण फिनिश करूनच पुढे जातो. बारीक आट्यांना टॅप (भोकात फिरवून आटे पाडायचं हत्यार) वापरणं आम्ही सोडलं. टॅप आतच आवळला जाऊन तुटतो. आटे गोल फिरत थोडे थोडे कापणाऱ्या थ्रेड मिलने वेळ जातो, पण जॉब वाचतो.

आपल्याकडचं बोअरचं पाणी हाही मोठा प्रश्न आहे. क्षार इतके, की पाण्यात मिसळलेलं कूलंट (कापताना टूल थंड ठेवणारं द्रव) दूध नासावं तसं फाटतं. मशीनसाठी आरओचं पाणी वापरायला लागल्यापासून टूलच्या टोकाचे बदलायचे इन्सर्ट टिकू लागले. बारीक चिप पेट घेऊ शकते आणि जळत्या टायटॅनियमवर पाणी टाकणं धोक्याचं, म्हणून प्रत्येक मशीनजवळ कोरड्या वाळूची बादली असते. चिपचा ढीग रात्रभर ठेवायचा नाही, या नियमाला आमच्याकडे अपवाद नाही.

गिऱ्हाइकाला आम्ही एक गोष्ट आधीच सांगतो. अॅल्युमिनियमची घनता 2.7, टायटॅनियमची 4.4, पोलादाची 7.8. मार्कर हलका करण्यासाठी अॅल्युमिनियमची नळी बदलून त्याच मापाची टायटॅनियमची मागणाऱ्याचा मार्कर उलट जड होईल. ते काम आम्ही घेत नाही. पोलादी रॉड, पिन, स्क्रू, ट्रिगर यांच्या जागी मात्र वजन खरोखर घटतं आणि गंजाची काळजी मिटते. टायटॅनियमचा बोल्ट अॅल्युमिनियमच्या बॉडीत सरकताना घासून चिकटू शकतो, म्हणून त्याला कोटिंग लागतं. हा खर्च आम्ही कोटेशनमध्ये वेगळा दाखवतो.

किंमत नगावर ठरत नाही. प्रोग्रॅम, फिक्स्चर (जॉब धरून ठेवणारी चौकट) आणि सेटिंगचे तास, वर बारचा भाव, असा हिशेब असतो. एकाच मापाचे ट्रिगर मागणारे चार-पाच जण एकत्र आले तर सेटिंगचा खर्च त्यांच्यात वाटला जातो. अशा ऑर्डरी आम्ही सध्या महिनाअखेरीस एकत्र लावतो.