बाण एक, पाणी अनेक

अकरावीला सागरी प्रवाह शिकवताना नकाशातले बाण मला नेहमी खुपतात. ते फक्त वरच्या पाण्याचे असतात आणि विषुववृत्तावर तेवढ्यानं भागत नाही.

पॅसिफिकमध्ये व्यापारी वारे पाणी पश्चिमेला रेटतात. इंडोनेशियाकडची पातळी पेरूकडच्यापेक्षा साधारण अर्धा मीटर चढते. तो चढ पाण्याला मागे ढकलतो आणि पृथ्वीच्या फिरण्यामुळे वाहतं पाणी बाजूला वळवणारं कोरिओलिस बल विषुववृत्तावर शून्य, त्यामुळे पाणी सरळ पूर्वेला निघतं. वर वाऱ्याचं राज्य, म्हणून ते शे-दोनशे मीटर खालून जातं, सेकंदाला मीटरभर वेगानं. ट्यूनासाठी खोल सोडलेले गळ पूर्वेकडे ओढले जाताना दिसले आणि 1952 मध्ये समुद्रशास्त्रज्ञ टाउनसेंड क्रॉमवेल व सहकाऱ्यांनी हा प्रवाह नोंदवला. 1982 च्या एल निनोत तो काही महिने चक्क नाहीसा झाला!

माझा जीव मात्र आपल्या हिंदी महासागरात अडकलाय. इथं वारेच ऋतूनुसार फिरतात, त्यामुळे खालचा पूर्ववाही प्रवाह बारमाही नाही; तो बहुधा फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये दिसतो. एप्रिल-मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये, दोन मोसमांच्या सांध्यावर, वरचंच पाणी पूर्वेला धावतं. समुद्रशास्त्रज्ञ क्लाउस विर्टकी यांनी 1973 मध्ये हे मांडलं.

हे मोजतात कसं, ते मुलांना फार आवडतं. समुद्रतळावर जड नांगर, त्याला काही किलोमीटरची तार, तारेवर जागोजागी उपकरणं आणि तार ताठ राहावी म्हणून पाण्याखालीच तरंगते गोळे. एक उपकरण वरच्या दिशेनं ध्वनी सोडतं. पाण्यातल्या कणांवरून आलेल्या प्रतिध्वनीवरून थराथराचा वेग कळतो. परत न्यायला जहाज ध्वनीनंच संकेत देतं, नांगराला धरून ठेवणारा आकडा सुटतो, नांगर तळाशी राहतो आणि बाकी सगळं वर येतं. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेनं विषुववृत्तावर अशा तारा सोडल्या आहेत.

2019 मध्ये हिंदी महासागराचा द्विध्रुव, म्हणजे पश्चिमेचं पाणी नेहमीपेक्षा उबदार आणि पूर्वेचं थंड होण्याची अवस्था, जोरात होता. विषुववृत्तावरचे वारे उलटले, शरदातला तो पूर्ववाही प्रवाह मंदावला, पश्चिमेकडचं पाणी तापून राहिलं. त्याच दिवसांत आमच्या तासगावात अवकाळीनं द्राक्षांचे घड कुजले. आमच्या पावसाला एकच कारण चिकटवणं चूक ठरेल, पण वर्गात निम्मी मुलं बागायतदारांची. त्यांना हा समुद्र परका वाटत नाही.

"सर, त्याच्याही खाली?" हे कुणीतरी विचारतंच. खाली दर काही शे मीटरला दिशा पालटणारे, एकावर एक रचलेले खोल प्रवाह आहेत. ते पहिल्यांदा सापडले हिंदी महासागरातच आणि त्यांची दिशा बदलायला वर्षं लागतात.